जिजीची सवत

माझी पोरगी पडली, गुडघा फुटला, की ती "आई गं" म्हणून रडायची नाही. "जिजी गं" म्हणून रडायची. तेही मी दोन हातांच्या अंतरावर उभी असताना. आता सांगा, कुणाच्या पोटात दुखणार नाही? माझ्या दुखायचं, आणि चांगलं कळा येऊन दुखायचं. जिजीबद्दल लिहायचं तर हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं मी म्हातारीची उणीदुणी काढायला लागले की तुम्हाला वाटेल, बाई उगाच खुसपट काढतेय. उगाच नाही काढत.

जिजी म्हणजे आमची निमगाव केतकीची घरमालकीण. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. मला तिथल्या हायस्कुलात नोकरी लागली होती आणि ह्यांची नोकरी बारामतीला, एमआयडीसीत. हे आठवडाभर तिकडं मित्राच्या खोलीवर राहायचे आणि रविवारी एसटीनं आमच्याकडं यायचे. तीन वर्षांची सई माझ्याजवळ. जिजीच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या, आणि मी शाळेत गेले की सईला सांभाळायचं तिनं आपण होऊन कबूल केलं. तिचं खरं नाव काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. अख्खं गाव जिजी म्हणायचं, पोस्टमन जिजी म्हणायचा, तिचा पन्नाशीचा मुलगाही जिजीच म्हणायचा.

राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी अंगणात भांडण ऐकून मी दचकून उठले.

"उठलीस का, सटवे? रातभर हातपाय पसरून पडलीस, आन आता पानी पायजे व्हय? ढोस! ढोस मेले, नरड्यापातूर ढोस!"

मला वाटलं, शेतातल्या वस्तीवर राहणारी तिची सून आली असणार आणि सासू-सुनेची जुंपली असणार. खिडकी किलकिली करून बघितलं तर अंगणात जिजी एकटीच. हातात पितळी तांब्या, दातांना मिश्री लावलेली, लुगड्याचा काचा वर खोचलेला. समोर कडुलिंबाचं थोरलं झाड, आणि त्या लिंबावर खालपासून शेंड्यापर्यंत चढलेली गुळवेल. तिच्या बुडाशी तांब्या उपडा करत म्हातारी शिव्यांची लाखोली वाहत होती.

"जिजी, कुणाला बोलताय?" मी विचारलं.

"हिला. माझी सवत हाय."

एवढं बोलून ती चुलीकडं गेली, जणू घरोघरी एकेक सवत लिंबावर चढवलेलीच असते.

सगळी हकिकत मला हळूहळू कळली, तीही जिजीच्या लहरीप्रमाणं तुकड्या-तुकड्यानं. तिच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. दिवाळी झाली की नवरा कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात जायचा, आणि पाऊस तोंडावर आला की परतायचा. आंधळ्या सासूला सांभाळायला जिजी घरी. एका वर्षी तो आला आणि पटक्यात बांधून काहीतरी घेऊन आला.

"मला वाटलं, माझ्यासाठी काय तरी आणलं आसंल," जिजी सांगायची. "बांगड्या म्हणा, न्हायतर चोळीला दोरवा म्हणा. पटका सोडला तर काय? हिचा एवढा टिचभर तुकडा! आन तो लावला लिंबाखाली. तवापास्नं कळप घिऊन आला की आदी लिंबाकडं. खोडावर हात फिरवायचा, पानं उलटी करून बघायचा, आन म्हनायचा, 'वाढली की गं!' मी दारात हंडा घिऊन हुबी. मी बी वाढलेच हुते की, बाई! पोटुशी हुते. माझ्याकडं बघितलं बी न्हाय बाबानं."

मग त्याची नक्कल करायची. मान तिरकी करून, घोगऱ्या आवाजात, "वाढली की गं!" आणि स्वतःच हसायची. सईला ही नक्कल फार आवडायची. दिवसातून चारदा करून घ्यायची.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कळप विकला, कॅनॉलचं पाणी आलं, मुलानं वस्तीवर ऊस केला, बंगला बांधला. तो दर पंधरवड्याला यायचा. "जिजी, चल की वस्तीवर. हितं एकटी काय करतीस?" जिजीचं उत्तर ठरलेलं. "आन घर सवतीच्या ताब्यात देऊ व्हय रं?" तो माझ्याकडं बघून कपाळावर हात मारायचा आणि चहा पिऊन निघून जायचा.

जिजी जेवायला बसायची ती वेलीकडं पाठ करून. बाजेवर पडायची तीही पाठ करून. म्हणायची, "माझं त्वांड दिसू नये तिला." सकाळचा तो एक तांब्या सोडला तर वेलीला धुण्याचं, भांड्याचं, उरलंसुरलं पाणी. पण उन्हाळ्यात हापसा कोरडा पडला आणि आम्ही सगळ्याजणी टँकरसमोर भांडी घेऊन उभ्या राहिलो, तेव्हा हीच बया पहिली घागर नेऊन त्या वेलीच्या बुडात ओतायची. मी एकदा म्हटलं, "जिजी, पिण्याचं पाणी आहे ते." तर म्हणाली, "मेली तर लोकं म्हनतील, सवतीनं मारली. सवत येलाची आसली तरी पान्याचा वाटा मागतीच."

ताप आला, अंगात कणकण आली, की गावातली माणसं जिजीकडं गुळवेल मागायला यायची. नुसत्या गावातली नाही, इंदापूरपासूनची. लिंबावरची गुळवेल म्हणजे औषधाला सगळ्यांत चांगली, असं सगळे म्हणतात. पण जिजीकडून ती मिळवायची म्हणजे तिचे कायदे पाळायला लागत. पहिला कायदा, पुरुषाच्या हातात वेल द्यायची नाही. तापानं फणफणलेला बाप्या दारात उभा असला तरी त्याला हाकलून द्यायची. "बायकूला धाड. बायकू नसली तर आयला धाड. बाप्याच्या हातात एकदा सवत गेली, ती जलमभर उतरली न्हाय." ह्यांच्या कारखान्यातले साहेब आजारी होते म्हणून ह्यांनी मोठ्या ऐटीत तुकडा मागितला. जिजीनं ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "सायबीनबाईंस्नी पाठवा." हे आठवडाभर गाल फुगवून होते. मला मात्र बरं वाटलं. घरात एकट्या माझाच जळफळाट का व्हावा?

दुसरा कायदा जास्त कडक होता. दिलेला प्रत्येक तुकडा ती आधी दगडावर स्वतः ठेचायची. चांगला चेंदामेंदा करायची आणि मगच पदरात टाकायची. मला वाटायचं, काढ्यासाठी ठेचते. काढा करायला ठेचावी लागतेच. पण एकदा लोणी भापकरची एक बाई म्हणाली, "जिजी, येक तुकडा आख्खा द्या की. आमच्या लिंबाखाली लावते." तेव्हा खरं कारण बाहेर आलं. गुळवेलीचा साबूत तुकडा मातीत खोचला की जगतो. ठेचलेला जगत नाही.

"नवरा मागितला आसतास तर दिला आसता," जिजी म्हणाली. "सवत न्हाय द्यायची. ही माझी येकटीची सवत हाय."

ती बाई हसत हसत ठेचलेली वेल घेऊन गेली. मी हसले नाही. मला वाटलं, काय हावरट म्हातारी आहे! जिला उठता-बसता शिव्या देते, तिचं टिचभर कांडं दुसरीच्या दारी जाऊ देत नाही. आणि माझी पोर मात्र दिवसभर मांडीवर घेऊन बसते.

निमगाव पानमळ्यांचं गाव. गुळवेलीचं पानही विड्याच्या पानासारखंच दिसतं, त्यामुळं नवखा माणूस हमखास फसायचा. एकदा एका एसटी कंडक्टरनं आमच्या अंगणात पाणी पिता पिता वरचं पान तोडलं, चुना लावला, कात लावला आणि तोंडात टाकलं. मग जो थुंकत सुटला, तो थेट गाडीपर्यंत. जिजी पोट धरून हसली. म्हणाली, "बघा, बाप्यांस्नी कडू लागली तरी हात लावल्याबिगर ऱ्हावत न्हाय." सईनं त्या दिवशी जिजीच्या गळ्यात पडून हसून घेतलं. मी वह्या तपासत होते. एका पोराचं बरोबर उत्तर मी चूक दिलं.

खरा घाव बसला तो सईच्या तापात. थंडीचे दिवस होते. मी डॉक्टरांकडून आणलेलं गोड गुलाबी औषध सई फुर्रकन माझ्या साडीवर उडवायची. मी चुचकारलं, रागावले, चॉकलेट दाखवलं. काही नाही. मग जिजी वाटीत काढा घेऊन आली. तो काढा मी बोटभर चाखला होता. जीभ तासभर तोंडात परकी वाटत होती.

"सये, ह्यात कोन हाय म्हाईत हाय का? सवत! ठेचून ठेचून, शिजवून आणली तिला. आता तू गिळ. पोटात गेली की वरडंल बघ."

सईनं डोळे मिटले आणि वाटी एका दमात रिकामी केली. मग पोटाला कान लावता येतो का बघायला लागली. "ओरडली, जिजी! ओरडली!"

ताप उतरला. डॉक्टरांच्या औषधानं उतरला की काढ्यानं, देव जाणे. सईच्या लेखी जिजीनं उतरवला. पुढच्या वेळी मीच काढा केला. तीच वेल, तोच दगड, वर गुळाचा खडा टाकला, आणि जिजीच्याच शब्दांत सांगितलं, "ह्यात सवत आहे हं." सईनं माझ्याकडं दयेनं बघितलं. "तुझी कुठंय सवत?" म्हणाली आणि तोंड फिरवलं.

तिची भाषा तर पार गेली. मराठीच्या बाईंची मुलगी "न्हाय", "व्हय", "हितं", "तितं" करायला लागली. तेही एक वेळ चाललं असतं. माझी आई चार दिवस राहायला आली. सकाळी आंघोळ करून, स्तोत्र पुटपुटत तुळशीला पाणी घालत होती. सई शेजारी जाऊन उभी राहिली आणि प्रेमानं म्हणाली, "ढोस, सटवे." आईनं माझ्याकडं असं बघितलं की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी जिजीला बोलले. "तुम्ही तिला फार लाडावून ठेवलंय."

"मी कुठं? तीच मला लाडावती," जिजी म्हणाली, आणि असं तोंडभरून हसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवारी मी ह्यांच्यापाशी रडले. हे जिजीनं दिलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा खात होते. "अगं, फुकट एवढं मायेचं माणूस मिळालंय. तुला कशाला एवढं लागतं?" म्हणाले. पुरुषांना सांगण्यात अर्थ नसतो. सोमवारी मी आमच्या संस्थेकडं बारामतीच्या शाळेत बदलीसाठी अर्ज दिला. मार्चमध्ये मंजुरी आली. मी देवापुढं साखर ठेवली आणि उरलेली स्वतःच खाल्ली.

जिजीला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "बरं झालं. पोरीला बाप मिळंल," म्हणाली. बस, एवढंच. मला थोडं वाईट वाटलं. वाटलं होतं, म्हातारी जरा तरी हलेल.

संध्याकाळी अंगणात मी सईलाही सांगितलं, आता आपण बारामतीला जायचं, पप्पांकडं, कायमचं. तिनं माझ्याकडं बघितलं, जिजीकडं बघितलं आणि एकदम धावत सुटली. जिजी बाजेवर बसली होती. पोर आपल्याकडंच येतेय असं बघून तिनं दोन्ही हात पसरले. सई तिच्या हातांना वळसा घालून पुढं गेली आणि लिंबाला जाऊन बिलगली. वेलीच्या खोडावर गाल टेकवून हमसून हमसून रडायला लागली. "मी सवतीला सोडून न्हाय जानार! न्हाय जानार!"

जिजीचे हात तसेच पसरलेले राहिले. ते मी बघितलं. आणि खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. म्हटलं, घे आता, तूही चाख. बघ कसं कडू लागतं.

पुढचं फार पटकन झालं. जिजी उठली, घरात गेली आणि कोयता घेऊन बाहेर आली. सईला दंडाला धरून बाजूला केलं आणि वेलीच्या मनगटाएवढ्या बुंध्यावर घाव घालायला सुरुवात केली.

"तो बी हिच्याकडं! ही बी हिच्याकडं! मी काय दगूड हाय? सांग की गं, रांडं, मी दगूड हाय?"

बुंधा तुटला. वरची सगळी वेल लिंबावर तशीच लोंबत राहिली. सईनं टाहो फोडला. जिजी कोयता टाकून आत गेली आणि दार लावून घेतलं.

दोन दिवस सई जिजीकडं फिरकली नाही. माझ्या कुशीत झोपली, माझ्या हातून जेवली, पडली तेव्हा "आई गं" म्हणाली. इतके दिवस मागितलं होतं ते सगळं मिळालं. पण सकाळी अंगणातून शिव्या ऐकू येईनात. त्या शिव्यांवर मी उठायची इतकी सवय झाली होती की दोन्ही दिवस मला शाळेला उशीर झाला. आणि सई झोपेतून उठली की मला पहिला प्रश्न विचारायची, "सवत मेली का?"

सवत मेली नव्हती. आठवडा गेला तरी लिंबावरची पानं हिरवीगार. मग एका सकाळी सईच ओरडत आली. फांदीवरून दोऱ्यासारखी बारीक बारीक मुळं खाली सुटली होती. मातीपासून पार तुटलेली ती वेल वरून मुळं सोडत होती. लिंबाखाली जिजी बसलेली. शेजारी पाटीभर मळ्यातली माती. त्या दोऱ्या जिथं टेकतील तिथं ती मातीचा उंचवटा करत होती आणि ओंजळीनं पाणी शिंपडत होती.

"ही मरत नाही, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"म्हाईत न्हाय तर! ही काय पयल्यांदा तोडली? त्याच्याशी भांडले तवा तोडली. तो गेला त्या दिवशी तोडली. दोऱ्या सोडती आन पुन्यांदा बसती माझ्या उरावर."

"मग तोडता कशाला?"

जिजीनं मान वर केली. एरवी ती मला "बाई, तुमी" म्हणायची. त्या दिवशी म्हणाली, "पोरी, तू सईला बारामतीला कशाला नेतीस गं?"

"वडलांजवळ राहील म्हणून."

"व्हय, व्हय. वडलांजवळ," जिजी म्हणाली आणि पुन्हा माती थापायला लागली.

मी तिथून निघाले. घरात येऊन डाळ चुलीवर ठेवली, ती करपली. दुसऱ्या दिवसापासून अंगणात परत आवाज सुरू झाला. "उठलीस का, सटवे?" आता त्यात एक बारका आवाजही मिसळलेला होता, आणि मी पांघरुणातून तो ऐकत पडायची. उठून "असं बोलू नये" म्हणायला गेले नाही.

मे महिन्यात टेंपो आला. सामान चढलं. जिजी लिंबाखाली, नेहमीसारखी वेलीकडं पाठ करून बसलेली. सईला म्हटलं, चल, निघायचं. ती लिंबाकडं धावली. ह्या वेळी मी मागोमाग गेले, तिचा दंड धरला, आणि तिला जिजीकडं वळवलं. "आधी जिजीला," म्हटलं. असं मी का केलं, मला आजही सांगता येत नाही. सरळ जाऊ दिली असती वेलीकडं, तर माझं काय गेलं असतं? पण वळवली खरी. सई जिजीच्या गळ्यात पडली. जिजीनं तिला किती वेळ धरून ठेवलं म्हणता! टेंपोवाला हॉर्न वाजवायला लागला, हे घड्याळ बघायला लागले. मी दुसरीकडं बघत उभी राहिले. बघवत नव्हतं.

निघताना जिजीनं माझ्या हातात फडक्याचं एक गाठोडं ठेवलं. "वाटंत नको सोडू. पोरीला ताप आला तर आसू दे."

बारामतीला पोचलो, भांडी लावली, गॅस जोडला, आणि दोन दिवसांनी त्या गाठोड्याची आठवण झाली. सोडलं. आत ओलं फडकं. त्यात गुळवेलीचं एक कांडं. दोन्ही टोकांना शेण लिंपलेलं, आणि एका डोळ्याला हिरवा कोंभ फुटायला लागलेला.

ठेचलेलं नव्हतं.

मी ते हातात घेऊन किती तरी वेळ स्वयंपाकघरात बसले. हे म्हणाले, "काय आहे? आण, मी लावून टाकतो." ह्यांनी हात पुढं केला, तर मी खाडकन ह्यांच्या हातावर फटका मारला. "तुम्ही हात लावायचा नाही!"

त्या भाड्याच्या घराच्या आवारात कडुलिंब नव्हता. शेवगा होता. त्याच्या बुडाशी मी माझ्या हातानं ते कांडं लावलं. जून उलटला, पानं फुटली, वेलीनं शेवग्याला पहिला वेढा घातला. त्या सकाळी मी सईसाठी दूध गाळून, साखर घालून, पेला घेऊन दारात उभी होते. सई उठली. डोळे चोळत, केस पिंजारलेले, अनवाणी. मला वाटलं, माझ्याकडं येतेय. मी वाकले. ती माझ्या अंगावरून तशीच पुढं गेली, शेवग्याखाली जाऊन उभी राहिली, मान तिरकी केली, आणि घोगरा आवाज काढून म्हणाली, "वाढली की गं!"

पेला मी उंबऱ्यावर ठेवला. आत जाऊन तांब्या भरला आणि शेवग्याखाली गेले.

"ढोस, सटवे," म्हटलं. "नरड्यापातूर ढोस."